हुंगायचं, पण चाखायचं नाही

गेल्या अंकात मी सहज एका ओळीत लिहून गेले होते की आमच्या शनिवारच्या ग्रुपसाठी मी प्राचीन इजिप्तमधली व्हॅम्पायरांची एक संन्यासी ब्लडलाइन बनवतेय, म्हणजे रक्तावरच जगणारं पण रक्तापासून स्वतःला लांब ठेवणारं घराणं. त्यावर इतकी पत्रं आली की या महिन्याचं सदर तेवढ्यालाच देतेय. जे खेळत नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते: टेबलाभोवती चारपाच जण बसतात, प्रत्येकाचं एक कॅरेक्टर असतं, गेम मास्टर प्रसंग सांगतो, आपण काय करतो ते आपण बोलायचं आणि अडलं की फासे टाकायचे. ब्लडलाइन म्हणजे व्हॅम्पायरांची गुरुशिष्यासारखी वंशावळ, एकाने दुसऱ्याला घडवलं, त्याने तिसऱ्याला.

ताई, मी पण सेम असलंच काहीतरी लिहितेय, पण ग्रुपमधला एक इतिहासवाला मित्र म्हणतो की इजिप्तमध्ये संन्यास हा प्रकारच नव्हता, तू हिमालयातले साधू उचलून नाईलच्या काठावर बसवतेयस. खरंय का? मग आयडिया सोडून देऊ का? (कॉलेज विद्यार्थिनी, दादर)

सोडू नकोस. मित्र अर्धा बरोबर आहे, आणि जो अर्धा बरोबर आहे त्यातच तुझा खजिना आहे.

फेरोंच्या, म्हणजे इजिप्तच्या जुन्या राजांच्या, काळातले पुजारी संसारी होते. बायको, मुलं, शेतवाडी सगळं. देवळात त्यांची पाळी असायची, अगदी आपल्याकडे गुरवांची असते तशी: चार गट, एकेक महिना सेवा, मग तीन महिने घरी. पण त्या सेवेच्या महिन्यात सोवळं कडक. ग्रीक इतिहासकार हेरोडोटस इ.स.पू. पाचव्या शतकात लिहितो की हे लोक दर दिवसाआड अख्खं अंग भादरायचे, दिवसा दोनदा आणि रात्री दोनदा गार पाण्याने आंघोळ, अंगावर फक्त तागाचं कापड, पायात पपायरसच्या (ज्या पाणगवताचा ते कागदही करायचे त्याच्या) चपला, मासे वर्ज्य. साध्या पुजाऱ्याला शब्दच 'वाब' होता, म्हणजे शुद्ध, म्हणजे आपल्या भाषेत सोवळ्यातला.

कायमचं जग सोडून बसणारे लोक नंतर दिसतात. मेम्फिस शहराच्या सेरापियममध्ये, म्हणजे सेरापिस देवाच्या देवळात, इ.स.पू. १७२ च्या आसपासपासून जवळजवळ वीस वर्षं टॉलेमायोस नावाचा एक माणूस देवाने धरून ठेवल्यासारखा आवारातच राहिला, बाहेर पाऊल नाही, आणि त्याचे अर्ज, तक्रारी, चक्क स्वप्नंसुद्धा पपायरसवर उरलीयत. मग ख्रिस्ती काळात सेंट अँथनी, पाखोमियस असे संन्यासी आणि वाळवंटातले मठ. यातली वादी नत्रून ही वाळवंटातली दरी लक्षात ठेव. ममी वाळवायला लागणारा नेट्रॉन हा खार याच दरीतून यायचा, चौथ्या शतकात इथेच संन्याशांच्या वस्त्या झाल्या आणि तिथले काही मठ आजही चालू आहेत. प्रेत टिकवायचं मीठ आणि देह सुकवणारे साधू, दोन्ही एकाच दरीत. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी वही घेऊन उठलेच होते.

आता मित्राचा मुद्दा जिथे खरंच लागू पडतो ते सांगते. आपल्याकडे तप म्हणजे मुळात उष्णता. साधू तप करतो, तापतो, तेज वाढतं, इतकं की इंद्राचं आसन गरम होतं. इजिप्तमध्ये हे बरोब्बर उलटं आहे! तिथल्या शिकवणीच्या ग्रंथांत चांगला माणूस म्हणजे 'गेर', शांत, गप्प माणूस, आणि बिघडलेला माणूस म्हणजे 'तापलेला'. अमेनेमोपेच्या शिकवणीत, जी पपायरसची गुंडाळी आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे, तापलेल्या माणसाला बंदिस्त जागेत वाढवलेल्या झाडाची उपमा दिलीय, त्याची पालवी क्षणात गळते आणि शेवट आगीत होतो, आणि खरा गप्प माणूस म्हणजे मोकळ्या कुरणातलं झाड, हिरवं, फळं गोड, सावली गार. म्हणजे तुझे व्हॅम्पायर तप करून तापणारे नकोत, निवणारे हवेत. भूक म्हणजे ताप, आणि साधना म्हणजे थंड होणं, गप्प होणं. आपण रोज म्हणतोच ना, डोकं तापलं, डोकं थंड ठेव, त्यामुळे मराठीत खेळणाऱ्याला हे समजावून सांगावंच लागत नाही.

आणि मूळपुरुष कुठून आणायचा? माझ्या घराण्याचा मूळपुरुष सेखमेतचा वाब आहे. सेखमेत ही सिंहमुखी देवी, रोगराई तिची आणि बरं करणंही तिचंच, त्यामुळे तिचे पुजारी वैद्यकीत मुरलेले असायचे, एबर्स पपायरस या वैद्यकीच्या जुन्या ग्रंथात नाडी बघणाऱ्यांच्या यादीत वैद्याच्या शेजारीच सेखमेतच्या वाबचं नाव येतं. बळीच्या गुरांची तपासणी हेही त्यांचं काम. सक्काराच्या दफनभूमीतल्या जुन्या मस्तब्यांत, म्हणजे सपाट माथ्याच्या थडग्यांत, कसाईकामाची जी चित्रं कोरलीयत त्यात एक प्रसंग आहे: बैल कापलाय, खाटीक रक्ताने भरलेला हात वाबच्या नाकापुढे धरतो, हे रक्त बघा म्हणतो, तो हुंगतो आणि सांगतो, शुद्ध आहे.

बस. याच माणसाला व्हॅम्पायर कर. ज्याचं कामच रोज ताजं रक्त नाकाशी धरून 'शुद्ध आहे' म्हणायचं आणि हात धुवून पुढच्या बैलाकडे जायचं. हिमालय लागतच नाही मग.

रक्तच प्यायचं नाही तर प्लेअरने करायचं काय? आमचा गेम मास्टर म्हणतो असली कॅरेक्टर्स बोअर होतात, कोपऱ्यात बसून राहतात. काही रूल्स देता का, कुठल्याही सिस्टिमवर बसतील असे? (आयटीवाला, डोंबिवली)

संयम फक्त कॅरेक्टर शीटवर, म्हणजे कॅरेक्टरची माहिती टिपलेल्या कागदावर, लिहिलेला असला तर बोअर होणारच. त्याला किंमत लागली पाहिजे आणि मोह अगदी हाताशी ठेवला पाहिजे, मग बघा कोण कोपऱ्यात बसतंय ते.

मी असं करते. प्रत्येकाच्या शीटवर 'ताप' नावाच्या सात चौकटी. घराण्याची ताकद एकच, वास. रक्त हुंगून ते सांगू शकतात की माणूस कशाने आजारी आहे, बाई गरोदर आहे का, समोरचा खोटं बोलतोय का, दोघं एका रक्ताचे आहेत का. ही ताकद कोर्टकचेरी, खून, राजवाड्यातले कट, सगळीकडे सोन्यासारखी आहे. पण हुंगायचं तर नाक रक्ताजवळ न्यावं लागतं, आणि प्रत्येक वेळी ताप एक चौकट वर. म्हणजे जितके उपयोगी पडाल तितके कड्याच्या जवळ जाल. चौथ्या चौकटीपासून प्रत्येक बोलाचालीत सहा बाजूंचा एक फासा टाकायचा, तापाच्या आकड्याइतका किंवा कमी पडला तर कॅरेक्टर तोडून बोलतं, ओरडतं, हात उचलतं. सातवी भरली की सिंहीण उठते आणि ते सीन संपेपर्यंत कॅरेक्टर गेम मास्टरच्या हातात. सातवीवर आम्ही चर्चा करत नाही, सरळ शीट माझ्याकडे सरकवायची.

ताप उतरतो तो गप्प राहून केलेल्या सेवेने. इथे प्लेअरने खरोखरचं गप्प बसायचं, आपल्या कॅरेक्टरच्या वतीने एक शब्द नाही, फक्त हातवारे, आणि अख्ख्या सीनभर कुणाचं तरी काम करायचं, जखम बांध, मढं धू, पाणी भर. सीन संपला की एक चौकट खाली.

आता पोट. नैवेद्य देवापुढून फिरून येतो आणि मग माणसं खातात ही पद्धत इजिप्तच्या देवळात तंतोतंत होती, आधी देव, मग पूर्वजांच्या मूर्ती, मग पुजाऱ्यांच्या घरी. माझ्या घराण्याचा नियम हाच, रक्त घ्यायचं ते फक्त देवापुढून फिरून आलेलं, जनावराचं, ओंजळभर, तेही पाळीबाहेरच्या तीन महिन्यांत. पाळीचा महिना पूर्ण कोरडा. आणि महिना संपल्याच्या रात्री ताप चार किंवा वर असेल तर फासा टाकायचा, पाच-सहा पडला तर ठीक, नाहीतर एकादशी आणि दुप्पट खाशी. हा आमच्या टेबलावरचा सगळ्यात भयंकर रोल आहे, कारण महिनाभर सगळं नीट पाळलेलं असतं आणि दाराबाहेर ओळखीचं माणूस उभं असतं.

एक अनुभव सांगते. आमच्यात एक बँकेत नोकरी करणारा आहे, स्वभावाने बडबड्या, त्याचं कॅरेक्टर अमेनमोसे नावाचा वाब. मी टेबलावर प्रत्येकापुढे स्टीलच्या पेल्यात कोकम सरबत ठेवलं होतं, रक्त म्हणून, आणि सांगितलं की सीनमध्ये पेला नाकाशी धरलात की हुंगलं, ओठाला लागला की प्यायलात. जुलै महिना, पंखा फुल्ल, शेजारच्यांच्या कुकरच्या शिट्ट्या चालू. समोर आलं एक आजारी पोर, आईने त्याचं बोट टोचून पुढे केलेलं. हा पेला नाकाशी धरून बसला. ताप सहा. गप्प राहिला तरच पोराचा आजार कळून तापही उतरणार होता. पंधरा-वीस मिनिटं बाकीचे बोलत होते, त्या आईला धीर देत होते, आणि हा तसाच पेला धरून, डोळे टेबलावर, एक शब्द नाही. बर्फ घातलेल्या सरबताचा पेला, बाहेरून घाम सुटलेला, त्याचे थेंब शीटवर पडत होते, आणि सीन संपून त्याने पेला खाली ठेवला तेव्हा बघितलं तर शाईने लिहिलेलं कॅरेक्टरचं नाव अर्धं पुसलं गेलं होतं, 'अमेन' गेलं होतं आणि फक्त 'मोसे' उरलं होतं.

मी त्याला नवीन शीट देत होते. त्याने घेतली नाही. म्हणाला, राहू दे, इजिप्तमध्ये नाव पुसणं म्हणजे काय ते तूच सांगितलंयस ना. त्याचं पुढे काय झालं ते खाली, काळाच्या प्रश्नात येईल.

लसणाचं काय करायचं? ते युरोपातलं आहे ना, इजिप्तच्या गेममध्ये विचित्र नाही वाटणार? (विरार)

मलाही आधी असंच वाटायचं, काढूनच टाकला होता. पण बर्लिनमध्ये एक पपायरस आहे, आई आणि तान्ह्या बाळासाठीच्या मंत्रांचा, साडेतीन हजार वर्षांहून जुना. त्यात अंधारातून चोरपावलांनी घरात शिरणाऱ्या मृतात्म्याला हाकलायचा मंत्र आहे, ज्याचं नाक मागे आणि तोंड उलट्या दिशेला फिरलेलं आहे, आणि आई त्याला विचारते, या बाळाचा पापा घ्यायला आलास का, मी घेऊ देणार नाही. मग ती सांगते की मी बाळाभोवती राखण केलीय, एका वनस्पतीची, तुला बाधणाऱ्या लसणाची, आणि मधाची, जो जिवंतांना गोड आणि मेलेल्यांना कडू.

लसूण ठेवा, बिनधास्त ठेवा. आणि मध तर ठेवाच, कारण मध कडू लागणं हे माझ्या घराण्यात आपण आता जिवंतांतले राहिलो नाही हे कळायची पहिली खूण आहे. उलट्या तोंडाचं भूत वाचून कोकणातल्या आजीच्या उलट्या पायांच्या गोष्टी आठवल्याशिवाय राहत नाहीत, पण ते दोन्ही एकच आहे असं टेबलावर सांगू नका, नुसतं वर्णन करा, खेळणारे आपोआप शहारतात.

माझा मुलगा सोळा वर्षांचा आहे. दर रविवारी मित्रांबरोबर हे व्हॅम्पायरचं खेळतात, दार लावून, रक्त बिक्त चालू असतं, आतून ओरडाआरडा. दहावी झाली, आता अकरावीचा अभ्यास. काळजी वाटते. (गृहिणी, ठाणे)

ताई, एकदा आत जाऊन बसा. रागवायला नको, बघायला. मुलांना सांगा की मला एक छोटंसं पात्र द्या, बाजारातली म्हातारी, होडीवाली, काहीही, एक तास. त्यांना आधी लाज वाटेल मग भारी मजा येईल. तुम्हाला तिथे मुलाचा स्वभाव जितका दिसेल तितका डायनिंग टेबलावर दिसत नाही, तो चिडतो कशावर, कोणाला वाचवतो, खोटं बोलताना काय करतो. वेळेचं म्हणाल तर वेळ ठरवून घ्या, चार ते सात, आणि सातला दार उघडं, इतकं मुलं ऐकतात. ओरडाआरडा बहुतेक फाशांवरून असतो.

कुठला काळ घ्यावा? इजिप्त तीन हजार वर्षांचं आहे, मी पिरॅमिडपासून क्लिओपात्रापर्यंत सगळं कोंबायला बघतोय आणि गोंधळ झालाय. आणि सगळा देशच सूर्याला भजणारा, तिथे व्हॅम्पायर राहणार कसे? (गिरगाव)

कोंबू नका. एकच काळ घ्या आणि त्यात खोल उतरा. माझं मत स्पष्ट आहे: इ.स.पू. चौदावं शतक, तिसरा अमेनहोतेप, त्याचा मुलगा अखेनातेन, आणि मग तुतनखामुन. तीन राजवटी, साधारण साठपासष्ट वर्षं, आणि हे घराणं त्यात अक्षरशः भट्टीत टाकल्यासारखं होतं.

कारण बघा. तिसऱ्या अमेनहोतेपने काळ्या दगडात सेखमेतच्या शेकडो मूर्ती घडवून घेतल्या, थीब्जच्या (आजच्या लक्सरच्या) पश्चिम काठावर स्वतःच्या स्मारक मंदिरात त्या सापडल्यायत, आणि नदीपलीकडे कर्नाकला मुत देवीच्या देवळात तर आजही त्या रांगेने बसलेल्या दिसतात. इतक्या मूर्ती का, हा प्रश्न तुमच्या कॅम्पेनचं, म्हणजे अनेक सेशन चालणाऱ्या गोष्टीचं, दारच आहे. माझ्या गेममध्ये याच घराण्याने राजाला त्या करायला लावल्या, देवीचा ताप उतरवायला.

मग मुलगा गादीवर येतो, नाव बदलून अखेनातेन होतो, नवी राजधानी वसवतो, आज ज्याला अमार्ना म्हणतात ती, आणि देऊळ कसलं बांधतो? बिनछपराचं. अंगणामागून अंगण, उघडी, नैवेद्याचे शेकडो ओटे आणि वर थेट सूर्य. आतापर्यंतची देवळं आत जाऊ तशी अंधारी होत जायची, गाभारा म्हणजे काळोख, देव अंधारात. ज्या घराण्याचं अख्खं आयुष्य गाभाऱ्याच्या काळोखात, फिरून येणाऱ्या नैवेद्यावर चाललंय त्यांच्या देवळांचं उत्पन्न आटतं आणि नव्या देवळात पाऊल टाकलं की राख. आणि राजाची माणसं छिन्नी घेऊन गावोगाव अमुन देवाचं नाव खोडत फिरतायत, भिंतींवरून, माणसांच्या नावांतून सुद्धा. अमेनमोसेमधला 'अमेन' म्हणजे तोच अमुन. आमच्या बँकवाल्याच्या शीटवर पाण्याने जे पुसलं गेलं ते पुढच्या महिन्यात अमार्नाच्या छिन्नीने पुसलं, मी वेगळं काही लिहिलंच नाही, त्याच्या थडग्यावरचं नाव त्याच जागी खोडलेलं निघालं. नाव हा माणसाचा एक भाग, 'का' (जीवनशक्ती) आणि 'बा' (आत्मा) यांच्यासारखाच, ते गेलं तर परलोकात हाक कोण मारणार. तो गडी त्या रात्री ताप सातच्या काठावर होता आणि तरी प्यायला नाही.

तुतनखामुनच्या वेळी जुनी देवळं परत उघडतात. आणि याच राजाच्या थडग्यातल्या सर्वांत बाहेरच्या सोनेरी देव्हाऱ्यावर ती गोष्ट कोरलेली सापडली जी या सगळ्याचं मूळ आहे. सूर्यदेव रा म्हातारा झाला, माणसं त्याच्याविरुद्ध कट करायला लागली, त्याने आपला डोळा देवीच्या रूपात पाठवला, ती सेखमेत झाली आणि माणसं कापत सुटली. थांबेना. मग राने एलिफंटाइनहून, म्हणजे आस्वानजवळच्या बेटावरून (आपलं घारापुरीचं एलिफंटा वेगळं बरं का), लाल माती आणवली, ती बिअरमध्ये कालवून सात हजार घागरी भरल्या आणि पहाटे शेतांवर ओतल्या. देवीला वाटलं रक्त, ती पीत गेली, झिंगली आणि माणसं वाचली. ती लाल माती म्हणजे बहुतेक जण गेरूच समजतात, आणि तिकडे गप्प माणसाला शब्द 'गेर', त्याचं अनेकवचन साधारण 'गेरू' असंच उच्चारतात. म्हणून माझ्या घराण्याचं नाव गेरू. गप्प राहणारे, आणि लाल मातीचे. हा योगायोग आपल्या भाषेत जुळतो आणि तो मला फार फार आवडलाय.

गेरूंचं ब्रीदही त्याच गोष्टीतून येतं: देवीला फसवून थांबवलं, आपण जागेपणी थांबायचं.

सूर्याबद्दल. इजिप्तमध्ये सूर्य रात्रीही असतो हे विसरू नका. मावळला की तो होडीतून बारा तासांचा पाताळप्रवास करतो, तिसऱ्या थुतमोस राजाच्या थडग्याच्या भिंतींवर तासातासाचा नकाशा आहे, आणि मध्यरात्री सहाव्या तासाला तो मृतांचा देव ओसायरिस याच्या देहाशी एकरूप होतो, तिथून त्याला पुन्हा बळ मिळतं. म्हणजे मृतांचा सूर्य वेगळा नाही, तोच आहे, फक्त खालून जातो. गेरूंना दिवसाचा सूर्य जाळतो पण रात्रीच्या सूर्याची ते वाट बघतात. आपण ज्याला मृतांचं पुस्तक म्हणतो त्याचं इजिप्शियन नाव 'दिवसा बाहेर पडण्याचे मंत्र' असं काहीसं आहे. व्हॅम्पायरला याहून मोठं स्वप्न कुठलं असणार? उपास, मौन, सोवळं सगळं त्यासाठीच, की एक दिवस हृदय पिसासारखं हलकं होईल, तराजूत घातलं तर पारडं खाली जाणार नाही, आणि आपण सकाळी दारातून चालत बाहेर जाऊ. मृतांचं हृदय तोलणाऱ्या त्या न्यायसभेत बेचाळीस न्यायाधीश असतात, आणि त्यातल्या एकाचं नावच 'रक्तभक्षक', कत्तलखान्यातून आलेला. त्याच्यापुढे म्हणायचं असतं की मी देवाची गुरं मारली नाहीत. बेचाळीसही कोणी पाठ करायची गरज नाही, पण या एकाला मात्र कॅम्पेनच्या शेवटासाठी राखून ठेवा.

व्हॅम्पायर म्हणायचं की वेताळ? मराठीत खेळतो तर मराठी शब्द हवा ना. (कुर्ला)

व्हॅम्पायरच म्हणा, सगळ्यांना कळतं. वेताळ हा कोकण-गोव्यात गावचा राखणदार आहे, त्याची देवळं आहेत, लोक नवस बोलतात, त्याला रक्तपिपासू करून टेबलावर आणणं मला बरोबर वाटत नाही. पिशाच, हडळ, ब्रह्मराक्षस या प्रत्येकाची स्वतःची गोष्ट आहे आणि त्या चांगल्या आहेत, त्यांच्यासाठी वेगळा गेम लिहा की. इजिप्तच्या आतल्या शब्दांना मात्र मराठी बिनधास्त वापरा, वाबला सोवळ्यातला, पाळीला पाळी, फिरून आलेल्या नैवेद्याला प्रसाद. तिथे भाषांतर केल्यासारखं वाटत नाही, घरातलंच वाटतं.

नवीन कॅरेक्टर व्हॅम्पायर कसं होतं? चावून? (पनवेल)

चावणं गेरूंना वर्ज्य, दात लागले की घराण्याबाहेर. सत्तर दिवस लागतात. ममी करायला सत्तर दिवस, त्यातले साधारण चाळीस नेट्रॉनमध्ये, आणि व्याधाचा तारा, जो नाईलच्या पुराआधी पहाटे पुन्हा उगवतो, तो आकाशातून साधारण सत्तर दिवसच गायब असतो, म्हणून हा आकडा असं मानतात. शिष्य सत्तर दिवस खारात पुरलेला, हृदय आतच (ते ममीतही काढत नाहीत), गुरू रोज रात्री शेजारी बसून त्याचं नाव घेतो. एक रात्र चुकली तर जो उठतो त्याला नाव आठवत नाही. माझ्या ग्रुपमध्ये एकीने मुद्दाम असंच कॅरेक्टर घेतलंय, तिच्या शीटवर नावाची जागा कोरी आहे आणि बाकीचे प्रत्येक सेशनला तिला वेगळ्या नावाने हाक मारून बघतात.

पहिलं सेशन सुरू कुठून करू? (पुन्हा दादरची विद्यार्थिनी, चिठ्ठीच्या मागच्या बाजूला)

देवळामागच्या कत्तलीच्या आवारातून, सूर्य मावळल्यावर लगेच. मशाली, माश्या, दगडी फरशीवरून पन्हाळीत वाहणारं रक्त, बैलाचा पुढचा पाय कापून वेगळा ठेवलेला कारण तो देवाचा. इतिहास सांगू नकोस, घराणं सांगू नकोस, ब्लडलाइन हा शब्द पण नको. खाटीक हात पुढे करतो, मनगटापर्यंत लाल, अजून गरम. पहिल्या प्लेअरकडे बघ आणि विचार की रक्त शुद्ध आहे का. आणि मग खरंच थांब, तो काय करतो ते बघ, घाई करू नकोस. त्या बैलाच्या रक्ताला आधीच माणसाचा वास येतोय हे त्याने विचारलं तरच सांग.